पुण्यतिथीले नुसता फोटो-हार नको, त्या माणसाचं गाणं झालं पाहिजे (जुलैचे तीन दिवस अन् बाकीच्या तारखा)

तिवसेकर

29 जुलै सुधीर फडके, 30 जुलै वसंतराव देशपांडे, 31 जुलै मोहम्मद रफी. सालं वेगवेगळी आहेत, 2002, 1983 अन् 1980, पण कॅलेंडरवर तीन दिवस एकाला एक लागून येतात. अन् दरवर्षी या तीन दिवसांत गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर काय होते ते तुम्हालाही माहीत आहे. सकाळी सहाला कोणीतरी फोटो टाकते, खाली 'विनम्र अभिवादन', मग दिवसभर हात जोडलेले इमोजी, अन् संध्याकाळी कोणी बियाण्याचा भाव विचारला की संपली पुण्यतिथी. त्या माणसानं जे केलं, म्हणजे गाणं, ते दिवसभरात एकदाही कोणाच्या कानावर पडत नाही. मला हे खरंच खटकते. चित्रकाराचं चित्र न पाहता, गायकाचं गाणं न ऐकता आपण नेमकी कशाची आठवण करतो?

म्हणून धागा काढला. म्हणणं एवढंच आहे की ज्याची पुण्यतिथी असेल त्याचं एक तरी काम त्या दिवशी पूर्ण ऐकायचं, जमलं तर चार जणांनी मिळून ऐकायचं, अन् त्याच्यावर दोन ओळी इथं लिहायच्या. तीस सेकंदांचं स्टेटस नाही, पूर्ण. विदर्भातली माणसं आधी घेऊ कारण आपली माणसं आपल्यालाच माहीत नाहीत, पण बाहेरची नको असं बिलकुल नाही.

वसंतरावांपासूनच सुरू करतो. जन्म 2 मे 1920, मूर्तिजापूर, आपला अकोला जिल्हा. नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, नंतर पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली, अन् नोकरी सांभाळून गाणं केलं. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक 1967 चं, त्यातले खाँसाहेब म्हणजे वसंतराव. आता गंमत पहा, हे नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. म्हणजे लेखक नागपूरचा, मुख्य गायक मूर्तिजापूरचा, अन् आपल्या इकडच्या कॉलेजच्या पोरांना विचारा, त्यांना सिनेमा माहीत आहे, ही दोन नावं माहीत नाहीत. दारव्हेकर मास्तर 21 सप्टेंबर 1999 ला गेले, ती तारीखही इथं असू द्या.

मूर्तिजापूर_जंक्शन

भाऊ बरोब्बर बोलले. मी त्याच गावचा, सांगतो. आमच्या गल्लीत लगनात पोरीची बिदाई होते तवा बँडवाला जे गानं वाजवते, ते 'दाटून कंठ येतो', अष्टविनायक पिक्चरमधलं, 1979 चं. सारे रडतेत. बापाचे डोये पुसता पुसता नाई पुसल्या जात. आन् तो आवाज कोनाचा, वसंतरावचा, आन् तो मानूस जलमला कुठी, तं इथीच! पोराईले इचारलं तं म्हने काका तो बंबईचा गायक असन. मले लय वाईट वाटलं. शकुंतला रेल्वेचं गाव म्हनून ओयख हाय आमची, गाडगेबाबा लहानपनी मामाच्या घरी दापुऱ्याले रायले म्हनून ओयख हाय, थे तं पायजेच, पन वसंतरावचं गाव म्हनून बी पायजे का नाई?

30 जुलैले आमी यंदा एक काम करून रायलो. स्टेशनच्या बाजूच्या चहाच्या टपरीवाल्याले बोललो, त्याच्याकडं ब्लूटूथचा स्पीकर हाय, सकायपासून दुपारपर्यंत वसंतरावच लावायचे, दुसरं काई नाई. नाट्यपदं, ठुमरी, सारं. तो हो म्हनला. कोनी इचारलं तं सांगाचं का हे आपल्या गावचे.

पेटीवाला

टपरीची कल्पना फार आवडली. एक सूचना करतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना एकदम ठुमरी लावू नका, 'घेई छंद मकरंद' लावा, अन् दोन्ही चाली लावा. नाटकात दोन घराण्यांचं भांडण आहे ना, तर एकच पद दोन वेगळ्या ढंगांत येते, पंडितजींच्या घराण्याचं शांत, ठाय, अन् खाँसाहेबांचं चपळ, तानांनी भरलेलं. पाठोपाठ ऐकलं की ज्यानं आयुष्यात शास्त्रीय ऐकलं नाही त्यालाही फरक कळते. मी भजनी मंडळात पेटी धरतो, आमच्या मंडळातल्या शेतकरी माणसांना हे ऐकवलं तर ते आपसूक म्हणाले की पहिल्यात माणूस थांबून थांबून सांगते अन् दुसऱ्यात पुरासारखा येते. घराणं म्हणजे काय ते याच्याहून सोपं मी तरी सांगू शकत नाही. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, ते 7 नोव्हेंबर 1998 ला गेले.

वणीकर

वाचतोय. चांगला धागा.

रानफूल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शाळेत जयंती-पुण्यतिथीची सरकारी यादी येते, फोटो मांडतो, मुलं भाषण पाठ करून म्हणतात. त्या यादीत गायक-कवी नसल्यातच जमा. म्हणून मागच्या वर्षी 14 मार्चला मी परिपाठात पाच मिनिटं मागून घेतली अन् सुरेश भट ऐकवले. जन्म 15 एप्रिल 1932 अमरावती, निधन 14 मार्च 2003 नागपूर. लहानपणीच पोलिओनं पाय अधू झाला हे सांगितलं तेव्हा वर्गातला एक मुलगा, ज्याला स्वतःला चालायला त्रास आहे, तो पुढं येऊन बसला. मुलांना 'लाभले आम्हास भाग्य' आधीच पाठ होतं, प्रत्येक मराठी भाषा दिनाला म्हणतात, पण ते लिहिणारा माणूस अमरावतीचा, म्हणजे आपल्या एसटीच्या शेवटच्या स्टॉपचा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

भटांबद्दल मला सगळ्यात मोठं वाटतं ते 'गझलेची बाराखडी'. नवीन लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी मतला, काफिया, रदीफ, वृत्त हे गझलेचे सगळे नियम सोप्या भाषेत लिहून काढलं अन् खेड्यापाड्यातून पत्र पाठवणाऱ्या पोरांपर्यंत ते पोचवलं. गझल आपल्याकडं वऱ्हाडातल्या लहान लहान गावांत एवढी रुजली त्याचं मोठं कारण हे आहे असं माझं ठाम मत. स्वतः मोठं लिहिणारे खूप असतात, दुसऱ्याला हात धरून शिकवणारे थोडे.

आणि कृपया तारखा टाकताना जयंती अन् पुण्यतिथी नीट बघून टाका. भटांची 14 मार्च अन् 15 एप्रिल, बाबूजींची म्हणजे सुधीर फडक्यांची 25 जुलै अन् 29 जुलै, या जवळजवळ असल्यामुळं फॉरवर्डमध्ये नेहमी अदलाबदल होते, जयंतीला श्रद्धांजली वाहतात लोक.

झाडीपट्टीवाला

14 मार्च म्हटलं तर दादा कोंडके पण त्याच दिवशी गेले, 1998 ला. एकाच तारखेला गझलवाला अन् सोंगाड्या. आमच्याकडं दोघंही चालतात.

मी वडसा भागातला. आमच्याकडं भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, लागते, मग होळीपर्यंत गावोगावी नाटकं, रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत, समोर शेतकरी लोक चादर पांघरून बसलेले. आमचे नट परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली ही नाटकं, कळली. पण मला बोलायचं आहे ते दंडार अन् खडी गंमत या आमच्या लोकनाट्यांतल्या जुन्या लोकांबद्दल. हे लोक गेले की त्यांची तारीखच कुठं लिहिलेली नसते. ढोलकी वाजवणारा गेला, नाच्या पोऱ्या म्हातारा होऊन गेला, शाहीर गेला, तेराव्याला जेवणं झाली अन् संपलं. त्याला पाठ असलेल्या लावण्या, सवाल-जवाब, रात्र रात्र पुरतील इतके, सगळे सोबत गेले. रफीसाहेबांचं गाणं आणखी शंभर वर्षं राहील, ते रेकॉर्डवर आहे. आमच्या शाहिराचं काय? माझं म्हणणं असं आहे की मोठ्यांच्या पुण्यतिथीला गाणं ऐका, ते बरोबरच आहे, पण त्याच दिवशी आपल्या गावातल्या एका जित्या म्हाताऱ्याचं गाणं मोबाईलमध्ये घ्या. नाहीतर त्याच्या पुण्यतिथीला लावायला काहीच नसणार.

तिवसेकर

झाडीपट्टीवाले दादा, तुमचं वाचून धाग्याचं काम वाढलं अन् बरंच झालं. हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला पाहिजे असं आहे, तर आता दोन्ही गोष्टी धरून चालू.

आमच्या भागातलं सांगतो. मोझरी जवळच, तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम तिथंच. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले, दुपारी 4 वाजून 58 मिनिटं. पण आमच्याकडं लोक तारीख पाळत नाहीत, तिथी पाळतात, अश्विन वद्य पंचमी. त्या दिवशी गुरुकुंजात बरोबर 4.58 ला मौन असते. लाखांनी माणूस असते, पायदळ पालख्या आलेल्या असतात, अन् त्या मिनिटाला सगळं स्तब्ध. जे मोझरीला जाऊ शकत नाहीत ते शेतात असतील तिथं उभे राहतात, आमच्याकडं सोयाबीन काढणारे मजूर हातातला विळा खाली ठेवतात, मी पाहिलेलं आहे. अन् मौन सुटलं की भजन. याला मी पुण्यतिथी म्हणतो. माणूस खंजिरीवर भजन म्हणायचा, तर त्याची आठवणही खंजिरीवरच होते, भाषणावर नाही.

महाराज संत होते हे तर आहेच, पण मी म्हणतो कलावंत म्हणूनही त्यांना पहा. एक माणूस, हातात एक खंजिरी, अन् हजारोंची सभा. 1942 ला इंग्रजांनी पकडून नागपूर-रायपूरच्या जेलात टाकलं ते भाषणासाठी नव्हे हो, भजनासाठी, चिमूर-आष्टीचा उठाव झाला त्याच्यामागं ही भजनं होती. 1955 ला जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले तिथंही खंजिरी. 62 च्या चीनच्या लढाईत सीमेवर जवानांसमोर म्हटलं. आजही सत्यपाल महाराज एकटे सात खंजिऱ्या मांडून कीर्तन करतात ती परंपरा तिथूनच आली.

मूर्तिजापूर_जंक्शन

तिवसेकर भाऊ, तिथी का तारीख यावर आमच्या घरीच भांडन हाय. आबा म्हंते तिथी, पोरगा म्हंते कॅलेंडरवर 11 ऑक्टोबर छापलं हाय. काय करावं?

तिवसेकर

दोन्ही पाळा ना. महाराजांचं तिथीनं, कारण गावाला गाव जोडलेलं आहे, मोझरीला जे होते तेच त्या मिनिटाला सगळीकडं झालं पाहिजे. बाकी गायक-कलावंतांचं तारखेनं, ते सोपं आहे.

निळी_पहाट

गाणं आणि पुण्यतिथी हे आमच्या वस्तीत कधीच वेगळं नव्हतं म्हणून लिहितो. 6 डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन म्हणजे रात्रभर गायन, हे लहानपणापासून बघतो. पण ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांची पुण्यतिथी करायची हे मात्र आमच्याकडं उशिरा सुरू झालं. वामनदादा कर्डक, जन्म 15 ऑगस्ट 1922 सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, निधन 15 मे 2004 नाशिक. म्हणजे विदर्भाचे नाहीत, पण विदर्भातलं एक गाव दाखवा जिथल्या विहारात वामनदादा गायले जात नाहीत. शाळेत न जाता, मोठेपणी अक्षर ओळख करून घेतलेला माणूस, अन् आयुष्यभर गावोगाव फिरत गाणी लिहीत राहिला.

15 मे म्हणजे आमच्याकडं 45 डिग्री. दिवसा काही होऊच शकत नाही, म्हणून रात्री विहाराच्या ओट्यावर बसतो, माठ भरून ठेवतो, अन् नियम एकच केला आहे की त्या रात्री कोणी मोबाईलवर गाणं लावायचं नाही, तोंडानं म्हणायचं. ढोलकी आहे, पेटी आहे, बायका कोरसला. एखादं कडवं कोणाला येत नसेल तर दुसरा सांगते, अन् असं करत करत एकट्या कोणालाच पूर्ण येत नव्हती ती गाणी सगळ्यांची मिळून पूर्ण झाली. धागाकर्त्यांना सुचवतो, ऐकणं चांगलंच, पण म्हणणं त्याच्याहून चांगलं.

आणि डिसेंबरची एक गोष्ट. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले अन् 20 डिसेंबरला गाडगेबाबा, अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी. चौदा दिवसांत दोघं. आमच्या गावात या दोन तारखांच्या मधले दिवस आम्ही सगळे मिळून रस्ते झाडतो.

पेटीवाला

हे फार मोलाचं लिहिलंत. गाडगेबाबांचं वांद्र्याचं शेवटचं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे, 1956 चंच. ते ऐका सगळ्यांनी, पुस्तकातलं वाचून कळणार नाही असा तो आवाज आहे. प्रश्न विचारतात अन् लोकांकडूनच उत्तर काढून घेतात, मधेच 'गोपाला गोपाला', अन् भाषा अशी की आमच्या बोरगावच्या बाजारात उभं राहून कोणी बोलून राहिलं. जाण्याच्या थोड्याच दिवस आधीचं आहे हे माहीत असून ऐकलं की आणखी वेगळं लागते.

वणीकर

यवतमाळचे शंकर बडे राहिले की. वऱ्हाडी कवितेचे कार्यक्रम गावोगाव करायचे, 2016 ला गेले. माझ्या वडिलांनी त्यांना एका गणपती उत्सवात ऐकलं होतं, अजून सांगतात की पाऊस दगा देतो त्यावरची कविता म्हटली तेव्हा आधी लोक हसत होते, मग एकदम शांत झाले कारण त्या वर्षी खरंच दुबार पेरणी आली होती.

चित्रकारांचंही घ्या कोणीतरी. वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, 1924, निधन 10 ऑगस्ट 2001. जगभर त्यांच्या चित्रांना करोडो रुपये किंमत येते. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, 23 जुलै 2016 ला गेले. पण गावात चित्र दाखवायचं कसं हा प्रश्न आहे.

रानफूल

वणीकर दादा, शाळेत प्रोजेक्टर आहे, 10 ऑगस्टला गायतोंडे मी दाखवते. मुलं काय म्हणतात ते इथं लिहीन.

मला झाडीपट्टीवाल्या दादांच्या मुद्द्यावर बोलायचं आहे. ते शाहिरांबद्दल बोलले, मी बायकांबद्दल बोलते. आमच्याकडं भुलाबाई बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, मग खाऊ ओळखायचा. ही गाणी कोणी केली? नाव नाही. जात्यावरच्या ओव्या कोणी केल्या? नाव नाही. माझ्या आजेसासूबाईंना भुलाबाईची इतकी गाणी यायची की महिनाभर रोज नवीन म्हटली तरी पुरायची. त्या गेल्यावर घरात त्यांची तिथी होते, पान वाढतो, पण गाणं कोणी म्हणत नाही. कारण ते 'गाणं' आहे, त्या 'कलावंत' होत्या, असं घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी आता ठरवलं आहे की त्यांच्या तिथीला घरातल्या सगळ्या बायका-मुलींनी बसून त्यांना येणारी भुलाबाईची गाणी म्हणायची, अन् वहीत उतरवायची. सासूबाईंना विचारलं, त्या आधी म्हणाल्या श्राद्धाच्या दिवशी गाणं बरं दिसते का. मग थोड्या वेळानं स्वतःच एक कडवं म्हणून दाखवलं.

निळी_पहाट

ताई, नक्की करा. दुःखाच्या दिवशी गाणं नको हे शहाण्यांनी केलेलं आहे. आमच्याकडं माणूस नेतानासुद्धा भजन असते.

झाडीपट्टीवाला

रानफूल ताई, तुमचं वाचून आईला फोन केला. रेकॉर्डिंगबद्दल अनुभवाचं सांगतो, कारण मी मंडईत बरंच रेकॉर्ड केलं अन् आधीचं अर्धं काहीच कामाचं निघालं नाही. मोबाईल ढोलकीच्या बाजूला ठेवू नका, आवाज फाटते. गाणाऱ्याच्या तोंडापासून दोन-अडीच हातांवर, टोपीवर नाहीतर घडी केलेल्या दुपट्ट्यावर ठेवा, म्हणजे ओट्याची थरथर येत नाही. फोन फ्लाइट मोडवर. कूलर, पंखा बंद. सुरुवातीलाच बोलून घ्या, गाव कोणतं, तारीख कोणती, म्हणणारे कोण, पेटी-ढोलकीवर कोण, कोणाकडून शिकले. हे शेवटचं विसरू नका, 'कोणाकडून शिकले' विचारलं की म्हातारी माणसं मागच्या दोन पिढ्यांची नावं सांगतात, अन् ती नावं दुसरीकडं कुठंच नसतात. अन् गाणं झाल्यावर लगेच बंद करू नका, नंतर जे बोलतात तेच कधीकधी खरं सोनं असते. त्यांना विचारूनच नेटवर टाका.

पेटीवाला

पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सैल पडते, आवाज बसते, तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी शेकून घ्या.

मूर्तिजापूर_जंक्शन

शेकाचं कसं थे सांगा, आमची खंजिरी मागच्या टायमाले तडकली.

तिवसेकर

जाळावर धरू नका जंक्शन भाऊ, तिथंच चुकते. आमच्याकडचे एक काकाजी आहेत, मंडळातले सगळ्यात जुने, त्यांची पद्धत सांगतो. पऱ्हाटीच्या काड्या किंवा तुराट्या पेटवायच्या, जाळ पूर्ण बसू द्यायचा, अन् निखाऱ्यावर हातभर उंच खंजिरी धरून सारखी फिरवत राहायची, कातडं खालच्या बाजूला. मधून मधून बोटानं ठोकून पाहायचं. आधी 'धप' असा बसका आवाज येते, मग हळूहळू वर चढते, टणक झाला की लगेच बाजूला घ्यायची. एकदम तापवली की कड्यापासून सुटते नाहीतर चिरते. ते प्रत्येक भजनाला कातडं पुन्हा सैल झालं का हे कानानंच पाहतात, मधेच उठून चुलीकडं जातात.

यंदा वद्य पंचमीच्या आधी त्यांचीच भजनं घेणार आहे, त्यांना विचारलं, हो म्हणाले, फक्त म्हणाले की एकटा नाही म्हणणार, मंडळ पूर्ण पाहिजे. कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी पंचमी येते, म्हणजे रानफूल ताईंची भुलाबाई अन् आमचं भजन एकाच आठवड्यात आहे. दोन्हीच्या फाइल इथं टाकू.

त्याच्या आधी 30 जुलै आहे. मूर्तिजापूरची टपरी ठरलीच आहे. आमच्या गावात त्या दिवशी पाऊस नसला तर हनुमान मंदिराच्या पारावर, असला तर समाजमंदिरात, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना झाली की 'घेई छंद'च्या दोन्ही चाली लावतो, पेटीवाल्यांनी सांगितल्या तशा पाठोपाठ. डवरणी-निंदणाचे दिवस आहेत, माणसं थकून येतात, त्यामुळं तासाभराच्या वर ओढणार नाही. आणखी कोणाच्या गावात करायचं असेल तर इथं गाव अन् वेळ लिहा. निळी_पहाट दादा, 15 मेच्या रात्री तुमच्या ओट्यावर बाहेरगावचे आले तर चालते का तेवढं सांगा.

निळी_पहाट

चालते म्हणजे? या. ढोलकीवाला असेल तर घेऊन या, आमचा एकच आहे अन् पहाटेपर्यंत त्याचे हात भरून येतात.